पोलादाचा थकवा

रायझर हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो २००५ च्या जुलैत. २६ जुलैला मुंबई पाण्याखाली गेली, हे सगळ्यांना आठवतं. दुसऱ्याच दिवशी, २७ तारखेला, मुंबई हायच्या उत्तरेकडचा प्लॅटफॉर्म पेटला. ही बातमी मात्र पुराच्या बातम्यांत बरीचशी बुडून गेली. मदतीच्या एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली होती. त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायला जहाज जवळ आलं, पावसाळी समुद्रात सावरलं नाही आणि प्लॅटफॉर्मच्या अंगाशी असलेल्या रायझरवर आदळलं.

रायझर म्हणजे समुद्राच्या तळापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जाणारा पाइप. त्यातून तेल किंवा वायू वर येतो, किंवा वर आलेला माल पुन्हा खाली उतरून किनाऱ्याच्या वाटेला लागतो. तो पाइप फुटला, वायूनं पेट घेतला आणि दोनेक तासांत सगळा प्लॅटफॉर्म जळून कोसळला. २२ माणसं गेली. आमच्या खाडीकाठच्या गावातला एक मुलगा तिथे खानपानाच्या कामावर होता. फोन बंद, रस्ते बंद. तो सुखरूप असल्याचं कळायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीसुद्धा 'रायझर' हा शब्द बसला.

मी कवी माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गणिताशी असलेला संबंध मॅट्रिकलाच सुटला. तरी आज मी रायझरबद्दल बोलणार आहे, कारण माझा भाचा नव्या मुंबईतल्या एका कार्यालयात बसून नेमकं हेच काम करतो. तो ज्या रायझरचं गणित मांडतो, ते असतात मेक्सिकोच्या आखातात नाहीतर ब्राझीलच्या समुद्रात. त्यातला एकही त्यानं डोळ्यांनी पाहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी ईदला तो घरी आला, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "बाबा रे, तू दिवसभर करतोस तरी काय?" तो म्हणाला, "मामू, पाइप किती वर्षांनी थकेल, ते मोजतो." थकवा हा शब्द आम्हा कवींच्या मालकीचा, अशी माझी समजूत होती. मी त्याला शिरखुर्म्याची दुसरी वाटी दिली आणि समोर बसवून घेतलं.

मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तिथे तळावर पाय रोवून लोखंडी सांगाडा उभा करता येतो आणि रायझर त्या सांगाड्याला पट्ट्यांनी जखडून टाकता येतो. पण पाणी हजार-दोन हजार मीटर खोल असेल, तर इतके लांब पाय करणं परवडत नाही. मग वरचा प्लॅटफॉर्म तरंगता ठेवावा लागतो. तो दोरखंडांनी, साखळ्यांनी बांधलेला असतो, तरी लाटेबरोबर वरखाली होतो, वाऱ्याबरोबर सरकतो. खाली जमीन स्थिर, वर घर हलतं, आणि दोघांना जोडणारा पाइप मात्र अखंड हवा. हा पेच सुटला कसा?

भाच्यानं मला विचारलं, "मामू, आजोबांच्या मचव्याचा नांगर आठवतो?" अब्बांचा मचवा होता, कौलं आणि लाकूड वाहायचा. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला की अब्बा दोर कधीच ताठ ठेवत नसत, चांगला सैल सोडत. नाळेपासून निघालेला दोर पाण्यात उतरत जाई, हळूहळू आडवा होत चिखलावर लोळे आणि मग नांगराला जाऊन मिळे. लाटेनं मचवा उचलला की चिखलावरचा थोडा दोर उचलला जाई, मचवा खाली बसला की तो पुन्हा चिखलावर टेके. दोराला हिसका म्हणून बसत नसे.

खोल समुद्रातला रायझर हुबेहूब असाच असतो. फरक इतकाच, की दोराच्या जागी पोलादाचा पाइप. वरचं टोक प्लॅटफॉर्मला टांगलेलं, मध्ये पाण्यातला झोळ आणि पुढे तळाच्या चिखलावर निजलेली पाइपलाइन. दोन टोकांवरून सोडलेली साखळी जो आकार घेते, त्याला कॅटिनरी म्हणतात. लॅटिनमधल्या साखळी या शब्दावरून ते नाव आलं. गॅलिलिओनं १६३८ साली हा आकार पॅराबोलाच्या जवळचा असल्याचं लिहिलं होतं. त्याचं नेमकं गणित १६९१ साली हायगेन्स, लायब्निट्झ आणि योहान बर्नुली या तिघांनी सोडवून दाखवलं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीचा आकार कळायला माणसाला इतका वेळ लागला, याचं मला फार बरं वाटलं.

पोलादी पाइप असा टांगण्याचं धाडस पहिल्यांदा झालं ते मेक्सिकोच्या आखातात, शेल कंपनीच्या ऑगर या प्लॅटफॉर्मवर, १९९४ साली. तिथे पाणी ८७२ मीटर खोल. तो प्लॅटफॉर्म ताणलेल्या पोलादी नळ्यांनी तळाला बांधलेला, त्यामुळे वरखाली फारसा होत नसे. १९९८ साली ब्राझीलच्या पेट्रोब्रासनं मार्लिम क्षेत्रात, ९१० मीटर पाण्यात, त्याहून जास्त हलणाऱ्या पी-१८ या तरंगत्या प्लॅटफॉर्मला असा रायझर जोडला. त्यानंतर हा प्रकार जगभर रुळला.

मी विचारलं, "पण पोलाद दोरासारखं वाकेल कसं?" भाच्यानं वहीच्या पानावर आकडे मांडले. समजा, पाणी हजार मीटर खोल आहे आणि वरच्या टोकाशी पाइप उभ्या रेषेपासून १२ अंशांनी कलता सोडला आहे. मग पाण्यात लोंबणारा पाइप भरतो सव्वा बाराशे मीटरच्या आसपास, आणि तो तळाला टेकतो प्लॅटफॉर्मपासून आडव्या अंतरानं सुमारे ५९० मीटरवर. पाइपाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला, तर लांबीच्या मानानं तो जाड दोऱ्यासारखाच झाला. सगळ्यात जास्त वाक येतो तळाला टेकण्याच्या जागी. तिथला वाक म्हणजे सुमारे २६० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. तो डोळ्यांना दिसणारही नाही. त्या वाकामुळे पोलादात येणारा ताण निघतो चौरस मिलिमीटरला साधारण १२ किलो. हे पोलाद कायमचं वाकायला ४५ किलोच्या आसपास ताण लागतो. म्हणजे जेमतेम पाव हिस्सा.

"मग काळजी कसली?" मी म्हणालो. त्यानं खुंटीवरचा तारेचा हँगर घेतला आणि तार एकाच जागी इकडे-तिकडे, इकडे-तिकडे वाकवायला लागला. थोड्याच वेळात तार तुटली. ती एका झटक्यात ओढून तोडायची म्हटली असती, तर दोन पैलवानांना जमलं नसतं.

हाच तो थकवा. अर्थात हँगरची तार दर वेळी कायमची वाकत होती. रायझर तसा वाकत नाही, तो दर लाटेनंतर पुन्हा पहिल्यासारखा होतो. तरीही पोलादाच्या अंगात, विशेषतः जोडाच्या जागी, कुठेतरी केसाहून बारीक दोष असतो. ताण आला की तो किंचित उघडतो, गेला की मिटतो. प्रत्येक उघडमिटीला तो किंचित पुढे सरकतो. वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि एक दिवस त्या दोषाची आरपार चीर झालेली असते.

हे ज्ञान माणसांच्या जिवाची किंमत मोजून मिळालं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. रोज चालणारा, धडधाकट दिसणारा आस तुटलाच कसा, हा प्रश्न तेव्हापासून अभियंत्यांच्या मागे लागला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्यानं १८५० आणि १८६० च्या दशकांत आस फिरवून-फिरवून तोडले आणि नियम शोधला. ताण किती मोठा, एवढंच बघून भागत नाही, तो किती वेळा आला तेही मोजलं पाहिजे.

समुद्रावर हा धडा पुन्हा गिरवावा लागला. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हे पाच पायांचं तरंगतं निवासस्थान वादळात उलटलं. आत २१२ माणसं होती, त्यातली १२३ गेली. चौकशीत निघालं, की एका आडव्या नळीला ध्वनियंत्र बसवण्यासाठी एक लहानसा तुकडा वेल्डिंगनं जोडला होता. ते वेल्डिंग सहा मिलिमीटरचं. चीर तिथून सुरू झाली, वाढत गेली, नळी तुटली, पाठोपाठ एक सबंध पाय निसटला. वादळ ही शेवटची काडी होती. मोळी आधीच भरलेली होती.

रायझरच्या बाबतीत ही मोजणी कशी करतात, ते आता सांगतो. समुद्रात सरासरी सात सेकंदांना एक लाट धरली, तर वर्षाला ४५ लाख लाटा होतात. पंचवीस वर्षांत सव्वाअकरा कोटी. यातल्या बहुतेक लाटा किरकोळ. पण कुठलीच फुकट जात नाही. लाट प्लॅटफॉर्मला हलवते, प्लॅटफॉर्म पाइपाला हलवतो आणि तळाला टेकण्याची जागा मागेपुढे होते. जो तुकडा आत्ता चिखलावर सरळ निजला होता, तो उचलला जाऊन वाकतो, पुन्हा निजतो, पुन्हा वाकतो. म्हणून रायझरची सगळ्यात नाजूक जागा आहे ती ही, तळाला टेकण्याची. मधला शेकडो मीटरचा झोळ तुलनेनं निवांत असतो.

हिशेब ठेवण्याची पद्धत आमच्या वाण्याच्या वहीसारखी आहे. पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यानं १९२४ साली ती मांडली आणि माइनर या अमेरिकनानं १९४५ साली रुळवली. समजा, अमुक ताण दहा लाख वेळा आला तर जोड तुटतो. मग तो एकदा आला की आयुष्याचा दहा लाखावा भाग खर्ची पडला. मोठ्या लाटेचा खर्च जास्त, छोटीचा कमी. सगळ्यांची बेरीज एक रुपया झाली, की खातं संपलं. यात एक कठोर नियम आहे. वेल्डिंगच्या जोडाला ताण दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मं होत नाही, सुमारे आठवा हिस्सा उरतो. ताण नुसता दहा टक्क्यांनी वाढला, तरी आयुष्याचा पाव भाग जातो. त्यामुळे ताण मोजण्यातली लहान चूक आयुष्याच्या आकड्यात मोठी होऊन बसते.

आणि चुकायला जागा पुष्कळ. पहिली जागा, पाण्याचा प्रवाह. वारा सुटला की विजेची तार गुणगुणते, ते तुम्ही ऐकलं असेल. तारेच्या मागे वाऱ्याचे भोवरे आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी सुटतात, म्हणून. या गुणगुणण्याचा नियम स्ट्रोहाल या झेक शास्त्रज्ञानं १८७८ साली शोधला. पाण्यात रायझरच्या मागेही असेच भोवरे सुटतात. सेकंदाला एक मीटर वेगाचा प्रवाह ३० सेंटिमीटरच्या पाइपावरून गेला, तर दर दीड सेकंदाला एक हेलकावा, दिवसाला पन्नास हजारांहून अधिक. मेक्सिकोच्या आखातात लूप करंट नावाचा जोरदार प्रवाह आहे. त्याचे भोवरे एखाद्या क्षेत्रावर ठाण मांडून बसले, तर लाटांनी वर्षानुवर्षांत केला नसता इतका खर्च थोड्या दिवसांत होऊ शकतो. यावरचा उपाय तुम्ही पाहिलेला आहे. कारखान्याच्या उंच लोखंडी धुराड्याच्या वरच्या भागाला पिळाची पट्टी गुंडाळलेली असते, ती शोभेची नव्हे. ती वाऱ्याचे भोवरे विस्कटते, एका तालात सुटू देत नाही. स्क्रूटन या ब्रिटिश संशोधकानं १९५० च्या दशकात धुराड्यांसाठी शोधलेली ही युक्ती आज रायझरला तशीच वापरतात.

दुसरी जागा, वेल्डिंग. पाइपाचे तुकडे साधारण बारा मीटरचे. म्हणजे मघाच्या उदाहरणात पाण्यात लोंबणारे शंभरएक जोड. दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांसमोर काटेकोर बसली नाहीत, एक-दीड मिलिमीटरचा खालीवर फरक राहिला, तरी ताण तिथे साठतो. म्हणून नाजूक भागातले जोड अल्ट्रासाउंडनं तपासतात आणि घासून सपाट करतात. नमुन्याचे जोड यंत्रावर चढवून सेकंदाला पंचवीस-तीस वेळा थरथरवतात, म्हणजे समुद्रातली वर्षं कारखान्यात काही दिवसांत उरकता येतात.

तिसरी जागा, चिखल. ही मला सगळ्यात आवडली, कारण मी खाडीकाठचा. तळ कडक की मऊ, यावर पाइप किती तीव्र वाकेल हे ठरतं. पण हजार मीटर खाली जाऊन बघणार कोण? म्हणून १९९९-२००० च्या सुमारास इंग्लंडमधल्या वॉचेट या छोट्या बंदरात ११० मीटर लांबीचा खराखुरा पाइप चिखलात निजवून यंत्रानं वरखाली हलवला आणि ताण मोजले. तिथला चिखल मेक्सिकोच्या आखाताच्या तळाच्या मातीशी मिळताजुळता, ओहोटीला उघडाही पडणारा. याच वॉचेटच्या धक्क्यावर कोलरिजच्या कवितेतल्या म्हाताऱ्या खलाशाचा पुतळा उभा आहे. कवी आणि अभियंते एका बंदरावर येऊन गेले, हे कळल्यावर मी भाच्याकडे जरा मोठेपणानं पाहिलं. प्रयोगात आणि नंतर समुद्रातल्या पाहणीतही दिसलं, की पाइप हलूनहलून स्वतःखाली चर खणतो आणि तो चर पाइपाच्या व्यासाच्या कित्येक पट खोल होऊ शकतो. म्हणजे ज्या तळावर हिशेब मांडला, तो तळच पाइप बदलून टाकतो.

एवढी अनिश्चितता असताना अभियंता सही कशाच्या भरवशावर करतो? दहाच्या. रायझर पंचवीस वर्षं चालवायचा असेल, तर गणितातलं आयुष्य निदान अडीचशे वर्षं निघालं पाहिजे, असा दंडक आहे. म्हणजे वाण्याच्या वहीतल्या रुपयातले फक्त दहा पैसे खर्च करायची परवानगी. उरलेले नव्वद पैसे आपल्या अज्ञानासाठी राखून ठेवलेले. मला हा आकडा फार प्रामाणिक वाटला. खोल पाण्यात उतरून प्रत्येक जोड तपासता येत नाही, समुद्र आपल्याला पुरता कळलेला नाही, हे त्या एका आकड्यात लेखी कबूल केलेलं आहे.

आकारातही सुधारणा झाली. जहाज फार हलणार असेल, तर रायझरच्या मधल्या भागावर तरंगणारी आवरणं बसवतात. पाइप तिथे उंटाच्या पाठीसारखा उचलला जातो आणि वरची हालचाल त्या वशिंडातच जिरते, तळापर्यंत पोचत नाही. ब्राझीलच्या पार्के दास कोंचास क्षेत्रात २००९ साली पोलादी रायझरला पहिल्यांदा असा आकार दिला. २०१६ साली मेक्सिकोच्या आखातातल्या स्टोन्स क्षेत्रात हीच युक्ती सुमारे २,९०० मीटर खोल पाण्यात कामी आली.

आता खरा पेच पुढे आहे. पहिल्या पिढीतले रायझर वीस-तीस वर्षांचे झाले. काहींच्या खाली अजून तेल आहे. मालकाला वाटतं, आणखी दहा वर्षं चालवावा. भाचा सध्या अशाच एका हिशेबावर बसला आहे. मी म्हणालो, "नव्वद पैसे शिल्लक आहेत ना, काढा त्यातले थोडे." तो हसला नाही. म्हणाला, "मामू, ते शिल्लक नाहीत. ते आपले आहेत की नाहीत, हेच माहीत नाही. गेल्या वीस वर्षांतल्या वादळांची, प्लॅटफॉर्मच्या हालचालीची नोंद असेल, तर खरा खर्च काढता येतो. नोंद नसेल, तर मी सही करत नाही."

सहीपलीकडे काही उपाय नाही का, असं विचारल्यावर त्यानं एक गोष्ट सांगितली. काही ठिकाणी तरंगता प्लॅटफॉर्म ठरवून मधूनमधून थोडा सरकवतात. दोरखंड इकडे आवळायचे, तिकडे सैल सोडायचे. मग पाइप तळाला टेकण्याची जागा बदलते आणि थकवा एकाच जोडावर न साचता पाच-पन्नास मीटरांत वाटला जातो.

हे ऐकून मी उठलो आणि त्याला मागल्या पडवीत घेऊन गेलो. अब्बांच्या नांगराचा शेवटचा दोर अजून तिथे वेटोळं करून ठेवला आहे. अब्बा दर हंगामाला तो दोर उलटा करत. नांगराकडचं टोक मचव्याला बांधत, मचव्याकडचं नांगराला. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "एकाच जागेनं किती सोसायचं?" भाच्यानं तो दोर हातात घेतला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेला. त्याचा झीज मोजायचा हात होता. दोर सगळीकडे सारखाच झिजलेला होता.